पणजीच्या पुढचा समुद्र

दादा, परवा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, भोजनदान झालं, मग लोक बोलले. घाटंजीतली बरीच माणसं आली होती, यवतमाळहून माझे शाळेतले जुने सहकारी आले होते. एकाने सांगितलं, मधुकरराव नौदलात मोठे साहेब होते. तू असतास तर बसल्या जागेवरून हात हलवला असतास, "साहेब नाई बाप्पा, दोऱ्या ओढत होतो मी." दुसऱ्याने सांगितलं, सारं जग फिरून माणूस शेवटी आपल्या मातीत आला, बहिणीपाशी राहिला, याहून मोठं भाग्य कोणतं. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्याकडे पाहूनही हलवल्या. मी तुझ्या फोटोकडे बघत बसले होते आणि मला सारखं वाटत होतं, तू आता म्हणशील, "शाले, सांग न यायले."

मी काही सांगितलं नाही. आता तुलाच सांगते.

आपलं भांडण फार जुनं. तू सुट्टीवर आलास की दोन दिवस बरे जायचे. तू बाजारातून मटण आणायचास, माय तुझ्या ताटापाशी बसून राहायची. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता तू सुरू व्हायचास.

"काय ठेवलं हाये इथी? जिकडे पाहा तिकडे पऱ्हाटी. चल माह्यासंगं. तिकडे शाळा नाईत का?"

"अन् मायले कोण पाहीन?"

"मायलेबी नेऊ."

माय चुलीपासून म्हणायची, "मी नाई येत बाप्पा तुह्या त्या पाण्याजवळ," आणि विषय संपायचा. तू मला बांधून घेतलेली म्हणायचास, मी तुला पळालेला म्हणायचे. हसत म्हणायचो, पण दोघांनाही ते लागायचं.

मग माय गेली, आणि माझ्याजवळचं उत्तरही गेलं. तू तोवर नोकरीतून सुटला होतास. लग्न तू केलं नव्हतंस, मीही नाही. मुंबईत शिडाच्या बोटींच्या एका क्लबात तू पोरांना शिकवत होतास. त्या दिवाळीच्या आधी तुझा फोन आला. कोचीला राहणाऱ्या तुझ्या जुन्या साहेबांनी मुंबईत एक लहान यॉट विकत घेतली होती. ती किनाऱ्याकिनाऱ्याने खाली दक्षिणेला, कोचीपर्यंत नेऊन द्यायची होती. सोबत एक माणूस पाहिजे होता.

"मंग घे न क्लबातला कोणी पोट्टा," मी म्हणाले.

"पोट्टे बडबड करतात. तू चल. जनमभर पोरायले खारे वारे, मतलई वारे शिकवून राह्यली. एकदा अंगावर घेऊन तं पाह्य."

ते खरंच होतं. दरवर्षी मी फळ्यावर एका बाजूला जमीन काढायचे, एका बाजूला पाणी, आणि बाण काढून सांगायचे की दिवसा वारा समुद्राकडून येतो नि रात्री जमिनीकडून जातो. चाळिशी उलटली होती आणि समुद्र मी पाहिला नव्हता.

तरी मी नाहीच म्हणणार होते. ते वर्ष कसं होतं ते तुला माहीत आहे, तू फोनवर रोज विचारायचास. पऱ्हाटी लाल पडली होती, बोंडं हिरवी असतानाच आतून सडत होती. जो काही कापूस घरात आला त्याच्या गाड्या आर्णीच्या बाजारात मुक्कामाला पडत. माझ्या वर्गातली पोरं एकेक करून कमी होत होती. आज एक बाक रिकामा, चार दिवसांनी दुसरा. चौकशी केली की कळायचं, घराला कुलूप लावून सगळे पुण्याकडे कामाला गेले. शाळेत खिचडी शिजवायला सुमन यायची. तिचा नवरा त्याच श्रावणात गेला होता. कसा गेला, हे त्या वर्षांत आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नसे.

शेवटी सुट्टीपुरतं म्हणून मी तुला हो म्हटलं. सुट्टी लागली त्या दिवशी सुमन पातेलं घासता घासता म्हणाली, "बाई, तुमीबी चालल्या का?"

"सुट्टीपुरतं जाऊन येतो, सुमन."

"बदली करून घेतली म्हणतात लोकं."

"नाई व. सुट्टी सरली की सोमवारी शाळा उघडते. सोमवारी मी येतो."

तिने मान हलवली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. मुंबईला पोचेपर्यंत मला तिचा तो चेहरा दिसत होता.

यॉट म्हणजे काहीतरी मोठं असेल असं मला वाटलं होतं. दोन बैलगाड्या पाठोपाठ उभ्या कराव्यात, एवढीच ती होती. वाकून शिरायची एक खोली, झोपायला दोन फळ्या, एक स्टोव्ह. पहिले दोन दिवस मी फक्त उलट्या केल्या. तू मला आल्याचा तुकडा चघळायला दिलास आणि म्हणालास, "पाण्याकडे नको पाहू. दूर जमिनीकडे पाह्य." मी जमिनीकडे पाहत पडून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर पोट शांत होतं आणि भूक लागली होती. मी घरून आणलेल्या भाकरी तेलातिखटाशी खाल्ल्या. तू माझ्याकडे बघून हसत होतास.

घरी तू कसा असायचास, दादा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, तांब्याला पाय लागून पाणी सांडायचं. आम्ही म्हणायचो, याला कोरड्या जमिनीवर चालायची सवय नाही. यॉटवर मात्र तुझा हात न बघता योग्य त्या दोरीवर पडायचा. पहाटे जमिनीकडचा वारा घेऊन निघायचं, उन्हं चढली की तो पडायचा, आणि दुपारी समुद्रावरून दुसरा यायचा. फळ्यावरचे माझे बाण तिथे खरेच होते. गालावर लागत होते. मुरूड, हर्णे, जयगड करत आपण खाली चाललो होतो. रोज अंधार पडायच्या कितीतरी आधी तू एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकायचास. मला वाटायचं, माझ्या भीतीपोटी. दिवसभर सांगायचास, "पुढं बस, काही दिसलं की आवाज दे." मला वाटायचं, मला गुंतवून ठेवायला. डोळ्यांत थेंब घालताना पाहिलं तेव्हा म्हणालास, खाऱ्या वाऱ्याने चुरचुरतात. तेही मला खरं वाटलं.

देवगडच्या अलीकडे ते झालं. दुपार कलली होती. वारा मागून, जरासा उजवीकडून येत होता आणि यॉट चांगली पळत होती. मी खोलीच्या दाराशी बसून कांदा चिरत होते. मान वर केली तर उजव्या अंगाला, अगदी जवळ, एक लहान होडी. तीत एक म्हातारा आपल्याकडे पाठ करून जाळं ओढत होता.

"दादा, होडी."

"कुठी?"

"उजवीकडे. उजवीकडे पाह्य."

तू पाहिलंस. तोंड जरासं त्या बाजूला केलंस आणि तुझ्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मी उठून उभी राहिले आणि ओरडले. तेव्हा तू पूर्ण मान वळवलीस, तेव्हा कुठे तो तुला दिसला. तू सुकाणूचा दांडा जोरात फिरवलास. शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आपटत गेलं आणि त्याचा आडवा लाकडी दांडा माझ्या वर केलेल्या हातावर बसला. होडी हातभर अंतरावरून गेली. मग झटका बसून आपण थांबलो. म्हाताऱ्याचं जाळं आपल्या सुकाणूत अडकलं होतं.

तो होडीत उभा राहून ओरडला. "डोळे फुटले काय रे तुजे? माणूस दिसणा नाय?"

"चुकलं, बाबा," तू म्हणालास. दुसरं काही नाही.

त्याने स्वतःच सुरी काढून आपलं जाळं कापलं आणि यॉट सोडवली. मग माझा सुजलेला हात पाहिला, शिव्या थांबवल्या, आणि पुढे होऊन आपल्याला देवगडच्या बंदरात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याच्या शेजारी वाळूत बसून ते जाळं पुन्हा विणून दिलंस. तो तुला तंबाखू देत होता. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, दोघं जुने दोस्त आहेत.

त्याच्या आदल्या संध्याकाळचं बोलणं मात्र मला शब्दन् शब्द आठवतं. दवाखान्यात हाताला पट्टी बांधून घेतली, हाड शाबूत होतं. धक्क्यावरच्या टपरीत आपण चहा घेतला.

"सूर्य डोळ्यात होता," तू म्हणालास.

"दादा, खरं सांग."

तू पेला खाली ठेवलास. "काचबिंदू हाये. दोन्ही डोळ्यात. समोरचं दिसते, बाजूचं जाऊन राह्यलं. डॉक्टर म्हणते, गेलं ते वापस येत नाई."

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू आली असती का?"

"नसती आली."

"मंग?"

मी चिडले. तो म्हातारा मेला असता, मी म्हणाले. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. मी म्हणाले, उद्या सकाळच्या गाडीने घरी जायचं. तू म्हणालास, यॉट अशी बेवारशी सोडता येत नाही, पणजीपर्यंत तरी नेऊ दे, तिथून साहेब दुसरा माणूस बघतील. मग जरा थांबून म्हणालास, "क्लबातला पोट्टा आणला असता तं त्यानं साऱ्यायले सांगतलं असतं. तू कोणाले सांगशीन? अन् ही शेवटचीच होती, शाले. शेवटची होती म्हणून तुले आणलं."

 मी एवढंच म्हणाले, "पणजीपर्यंत. पण मी पुढं बसीन, अन् मी सांगीन तसं करायचं."

"हो बाई," तू म्हणालास. अगदी माझ्या वर्गातल्या पोरांसारखं.

तिथून पुढचे ते थोडे दिवस, दादा. मी पुढच्या टोकाला पाय सोडून बसायचे, पट्टी बांधलेला हात मांडीवर, दुसरा हात दोरीला. "डावीकडे जाळं. उजवीकडे दोन होड्या, लांब आहेत. समोर मोकळं." आणि मागून तुझा आवाज, "हो बाई." मालवणचा किल्ला पाण्यात दिसला तेव्हा तू म्हणालास, "कसा दिसते सांग," आणि मी सांगत गेले. तुला समोरचं दिसत होतं, तरी तू विचारत होतास. आयुष्यात पहिल्यांदा तू माझं ऐकत होतास आणि मी तुझं. एका दुपारी तू दांडा माझ्या हातात दिलास आणि स्वतः पुढे जाऊन बसलास. मी विचारलं, कुठे बघू? तू म्हणालास, "कुठीच नको पाहू. वारा गालाच्या कोणत्या बाजूनं लागते तेवढं ध्यानात ठेव." मी तसं केलं. यॉट सरळ गेली. माझ्या हाताखाली ती जनावरासारखी जिवंत होती, आणि तिथे मला कोणी बाई म्हणणारं नव्हतं, रिकामा बाक नव्हता, मायचं औषध नव्हतं. तू सुट्टीवरून परत जाताना एवढा हलका का होऊन जायचास, ते मला त्या दुपारी समजलं. मला त्याचा इतकी वर्षं राग होता.

पणजीला नदीत नांगर टाकला. तू किनाऱ्यावर जाऊन साहेबांना फोन करून आलास. संध्याकाळचं ऊन पाण्यावर पसरलं होतं, मी भात टाकला होता. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "साहेबाचा माणूस उद्या येते. त्याले नको येऊ म्हणून सांगू का? कोचीपावतर तू डोळे, मी हात. जमते आपल्याले."

मी म्हणाले, "सोमवारी शाळा उघडते."

तू पुन्हा विचारलं नाहीस. त्या संध्याकाळी तू शीड फार हळू गुंडाळलंस, प्रत्येक घडी हाताने दाबत. दुसऱ्या दिवशी तो माणूस आला, चांगला होता, त्याने यॉट नीट कोचीला पोचवली. आपण तिथे नव्हतो.

सोमवारी मी शाळेत गेले. वर्गात निम्मीसुद्धा पोरं नव्हती. मी दारातून आत आले तेव्हा सुमन चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. पातेल्यात आणखी एक ओंजळ तांदूळ टाकले, आणि पदराने तोंड पुसलं. म्हणून मी पणजीला जे म्हणाले ते चूक होतं, असं मी आजही म्हणणार नाही. कोणीतरी एकाने परत यायला पाहिजे होतं. मला फक्त एवढंच वाटतं, की बरोबर असण्याची किंमत तू दिलीस.

कारण त्यानंतर तू मुंबईचं सगळं आवरून घाटंजीला आलास. मी वर्षानुवर्षं ज्यासाठी भांडले ते मला असं मिळालं. मला आनंद झाला होता, दादा, हे लपवत नाही. दोन माणसांचा स्वयंपाक करायला मला आवडायचं. तू माझ्या मोजक्या पोरांना गाठी मारायला शिकवलंस. सुमनच्या घराच्या पडक्या छपराला तू दोरीने असा आवळलास की पुढच्या वादळात गावात तेवढं एकच छप्पर जागेवर राहिलं. डोळ्यांतला उजेड कमी कमी होत गेला तसा तू कडुनिंबाखालच्या खुर्चीतच जास्त बसायला लागलास. मधेच म्हणायचास, "वारा फिरला." मी अंगणात येऊन पाहायचे, आणि थोड्या वेळाने धूळ खरंच दुसरीकडून यायची.

समुद्राचं नाव तू काढलं नाहीस. मी काढायचे, आणि कसं काढायचे ते आठवलं की जीव तुटतो. कोणी पाहुणे आले, विचारलं, बाई, तुम्ही म्हणे जहाजावर गेला होता, की मी उलट्यांची गोष्ट सांगायचे. "नको रे बाप्पा तो समुद्र, पुन्यांदा नाव नाई काढणार." लोक पोट धरून हसायचे. तू तिथेच खुर्चीत असायचास, तूही हसायचास. मालवणचा किल्ला, तो दांडा, ती दुपार, यातलं मी कोणाला कधी सांगितलं नाही. तुझ्यासमोर तर नाहीच. आपलं एक भांडण मात्र तू जपून ठेवलं होतंस. कधीतरी जेवता जेवता म्हणायचास, "सूर्य होता, शाले. डोळे चांगले असते तरी तो म्हातारा दिसला नसता." मी म्हणायचे, सूर्य इतका खाली नव्हता. तू म्हणायचास, होता. आता मी एकटी आठवून पाहते तर वाटतं, असेलही. तेवढं तुला देऊन टाकायला माझं काय जात होतं?

गेल्या पंधरवड्यात तू अंथरुणावर होतास. एका सकाळी मी तूर निवडत तुझ्याजवळ बसले होते. तू एकदम म्हणालास, "कोचीले आत शिरताना पाणी बदलते. हिरवं जाऊन मातकट होते. उजव्या हाताले मोठी मोठी जाळी दिसतात, बांबूवर टांगलेली, वाकलेली." तू हात उचलून दाखवलंस. बोलताना तुला धाप लागत नव्हती. "तिथी वेग कमी करायचा. मंग डावीकडे..."

"दादा, पेज थंडी होऊन राह्यली," मी म्हणाले. "आधी घेऊन घे, मंग सांगजो."

तू पेज घेतलीस. माझं ऐकायची तुला सवय झाली होती. मग तू झोपलास, आणि त्यानंतर औषधपाण्यापलीकडे काही बोललाच नाहीस. डावीकडे काय होतं ते मला माहीत नाही. तू मला तिथे घेऊन चालला होतास, एवढं मला तू गेल्यावर, सगळे आपापल्या घरी गेल्यावर समजलं.

आता ते एक सांगते, जे मी तुला एवढ्या वर्षांत सांगितलं नाही. पणजीच्या बसस्टँडवर आपण गाडीत बसलो होतो. तू खिडकीशी, पिशवी मांडीवर. ड्रायव्हर अजून चहा पीत बाहेर उभा होता. तेवढ्यात मी एकदम उठून उभी राहिले. तू विचारलंस, "काय झालं?"

मी म्हणाले, "काई नाई. पदर अडकला," आणि खाली बसले.

पदर अडकला नव्हता, दादा. तुला उठवून परत यॉटवर न्यायला उभी राहिले होते मी.